न्यू ऑर्लिन्सचा सात नंबरवाला

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जण कधी ना कधी ‘राखीव’ होते? हात वर करा बरं! राखीव म्हणजे कोण? ज्याचं नाव यादीत असतं, ज्याला गणवेश मिळतो, जो सगळ्यांबरोबर टेम्पोत बसून गाणी म्हणत स्पर्धेला जातो आणि मग दिवसभर सगळ्यांच्या चपला नि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतो, तो! आलं ना लक्षात?

अशाच एका राखीव गड्याच्या गावाला आज मी तुम्हाला घेऊन जाणार आहे. गाव जरा लांब आहे. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाची भलीमोठी नदी समुद्राला मिळायच्या आधी एक झोकदार वळण घेते. त्या वळणात, १७१८ साली फ्रेंच लोकांनी वसवलेलं हे शहर आहे, न्यू ऑर्लिन्स.

माझी ताई तिथे राहते. म्हणजे अगदी शहरात नाही, शेजारच्या मेटरी नावाच्या उपनगरात. २०२५ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी विमानात बसले. इतका लांबचा प्रवास करून विमानतळाबाहेर पाऊल टाकलं, तर काय? तीच दमट हवा, तोच चिकट घाम! मी चिपळूणजवळच्या एका शाळेत शिकवते. मला क्षणभर वाटलं, विमान फिरून फिरून परत कोकणातच उतरलं की काय!

ताईचा मुलगा, म्हणजे माझे भाचेबुवा, नुकतेच नववीची परीक्षा संपवत होते. लहानपणी माझ्या मांडीवर बसून चिंचोके खेळणारा हा पोरगा आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला आहे. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, “मावशी, तुला काय बघायचंय? नदी, संग्रहालय, की सुपरडोम?”

“सुपरडोम म्हणजे काय रे?” मी विचारलं. झालं! पुढचे तीन आठवडे मी दुसरं काही ऐकलं म्हणाल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सेंट चार्ल्स नावाच्या रस्त्यावरून तिथे हिरव्या रंगाची ट्राम धावते. या मार्गावर १८३५ पासून गाड्या धावताहेत, आधी घोड्यांच्या, वाफेच्या आणि मग विजेच्या. तिकीट सव्वा डॉलर. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, आणि दोन्ही बाजूंना ओक वृक्षांच्या फांद्या रस्त्यावर कमान धरून उभ्या. त्या फांद्यांवर आणि विजेच्या तारांवर जागोजाग रंगीत मण्यांच्या माळा लटकत होत्या. मार्डी ग्रास नावाचा त्यांचा मोठा सण असतो, त्या मिरवणुकीत लोक माळा फेकतात. सण होऊन दोन-अडीच महिने झाले होते, पण माळा आपल्या झाडांवरच! आपल्याकडे संक्रांत होऊन गेली तरी पतंग तारांवर फडफडत राहतात, तशाच.

पॉयड्रास रस्त्यावर उतरून पंधरा मिनिटं चाललो आणि समोर तो दिसला. मुलांनो, तुमच्या घरातली सगळ्यात मोठी परात पालथी घाला आणि मनातल्या मनात ती फुगवत न्या, फुगवत न्या, इतकी की तिच्याखाली अख्खं मैदान आणि सत्तर हजारांहून जास्त माणसं मावतील! उंची २७३ फूट, घुमटाचा व्यास ६८० फूट, आणि मध्ये आधाराला एकही खांब नाही. १९७५ मध्ये हा बांधून झाला. सेंट्स नावाच्या संघाचं हे घरचं मैदान. मे महिन्यात या खेळाचा हंगाम नसतो, त्यामुळे आत सामना नव्हता. आम्ही बाहेरूनच प्रदक्षिणा घातली.

या घुमटाला एक दुःखाची आठवणही आहे. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना नावाचं वादळ आलं, शहराचे बांध फुटले आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेलं. ज्यांना शहर सोडता आलं नाही अशा हजारो माणसांनी याच घुमटात आसरा घेतला होता. वरून छपराचे तुकडे उडाले, वीज गेली, पाणी नाही, अन्न नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळूणला पूर आला तेव्हा वरच्या मजल्यांवर अडकून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे त्या पांढऱ्या छपराकडे बघताना माझ्या पोटात कसंसंच झालं.

घुमटाबाहेर एक पुतळा आहे. मला वाटलं, असेल कुणी मोठा कप्तान. तर भाचेबुवा म्हणाले, “छे गं मावशी! हा स्टीव्ह ग्लीसन. हा काही स्टार नव्हता.” पुतळ्यात एक माणूस हात पसरून स्वतःला हवेत झोकून देतोय आणि समोरच्यानं लाथाडलेला चेंडू अडवतोय. वादळानंतर वर्षभर बंद असलेला सुपरडोम २५ सप्टेंबर २००६ ला पुन्हा उघडला, त्या रात्री सामना सुरू होताच ग्लीसननं हा चेंडू अडवला आणि सेंट्सचे पहिले गुण झाले. सामना त्यांनी २३-३ असा जिंकला. पुतळ्याचं नाव आहे ‘पुनर्जन्म’.

“स्टार नव्हता म्हणतोस, मग पुतळा कसा?” मी विचारलं.

भाचेबुवा काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “मावशी, मी पण शाळेच्या टीममध्ये आहे. दुसरा क्वार्टरबॅक.” आणि लगेच पुढे, “म्हणजे राखीव.”

आता इथे मला थांबून तुम्हाला हा खेळ समजावून सांगायला हवा. नाव फुटबॉल, पण आपला फुटबॉल नव्हे हं. यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो आणि तो गोल नसतो, दोन्ही टोकांना निमुळता असतो. मैदान १०० यार्डांचं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा नवे चार प्रयत्न. असं सरकत सरकत शेवटच्या रेषेपार गेलं की झाला टचडाउन, सहा गुण! आणि अडवणारे काय करतात? चेंडूवाल्याला धरतात आणि आडवा करतात. आपल्या कबड्डीत सगळे मिळून चढाईवाल्याला लोळवतात ना, तसंच. फक्त इथला एकेक गडी शंभर-सव्वाशे किलोचा!

या सगळ्यात मुख्य माणूस क्वार्टरबॅक. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो एक तर लांब फेकतो, नाहीतर शेजारच्या पळणाऱ्या गड्याच्या पोटाशी देतो. संघाचं सगळं डोकं म्हणजे तो. त्यामुळे त्याला सगळे जपतात. तो जायबंदी झाला तर दुसरा हवा, म्हणून प्रत्येक संघ एक राखीव क्वार्टरबॅक ठेवतो. आणि हा दुसरा वर्षानुवर्षं डोक्यावर टोपी घालून मैदानाच्या कडेला उभा राहतो. रोज सराव करायचा, सगळ्या चाली पाठ करायच्या, आणि रविवारी नुसतं बघायचं!

इथवर मला कळलं. पण ‘राखीव क्वार्टरबॅकला पळवायचं’ ही भानगड काही कळेना. मग एका रविवारी रात्री भाचेबुवांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी शिकवणी घेतली. न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी राजमा-भात करायची जुनी पद्धत आहे. ताईनंही ती उचलली आहे. रात्री भिजवायला काढलेल्या राजम्यातले दहा दाणे त्यानं घेतले. अकरावा, म्हणजे क्वार्टरबॅक, म्हणून मी चिपळूणहून नेलेल्या काजूंतला एक काजू! समोर अडवायला अकरा काबुली चणे.

“मावशी, मोज हं. हा एक राजमा चेंडू घेऊन पळणार. बाकीचे नऊ राजमे एकेका चण्याला अडवणार. काजूनं चेंडू देऊन टाकला, त्याचं काम संपलं, तो उभा राहून बघणार. किती चणे मोकळे राहिले?”

“अकरातून नऊ गेले, दोन.” मी म्हटलं. दुसरीच्या मुलांना मी रोज वजाबाकी घालते, इथे माझी परीक्षा!

“बरोबर. म्हणजे पळणाऱ्याला दोघांना चुकवायचंय. आता समज, काजूनं चेंडू दिलाच नाही. स्वतःच घेऊन पळाला. मग तो दहावा राजमा पण अडवायला मोकळा झाला की नाही? आता किती चणे उरले?”

“एकच!”

“हेच! हेच सगळं आहे!” पोरगा आनंदानं ओरडला आणि दोन चणे टेबलाखाली गेले.

मग त्यानं मला आणखी एक गंमत दाखवली. कडेच्या एका चण्याला मुद्दाम कुणी अडवायचंच नाही. काजूनं चेंडू राजम्याच्या पोटाशी धरायचा, पण सोडायचा नाही, आणि नजर त्या मोकळ्या चण्यावर ठेवायची. चणा राजम्याच्या मागे धावला, तर चेंडू काढून घेऊन स्वतः पळायचं. चणा जागेवरच थांबला, तर चेंडू राजम्याला देऊन टाकायचा. म्हणजे त्या बिचाऱ्या चण्यानं काहीही केलं तरी ते चूकच! एकाही माणसानं अंगाला हात न लावता तो खेळातून बाद! मी खूप वेळ त्या चण्याकडे बघत बसले. हा निर्णय घ्यायला क्वार्टरबॅकला पापणी लवेपर्यंतचाच वेळ असतो. आणि मुख्य म्हणजे, समोरच्यांना त्याच्या पळण्याची खरीखुरी भीती वाटायला हवी. जो पळणारच नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्याकडे चणा कशाला बघेल?

“मग नेहमीच काजूला का नाही पळवत?” मी विचारलं.

त्यानं काजू उचलला आणि तोंडात टाकला. “असं होतं म्हणून!”

खरंच की. पळणारा आपटणार, दहा वेळा पळाला तर दहा वेळा आपटणार. संघाचा एकुलता एक हुशार फेकणारा असा वापरला तर हंगाम संपायच्या आत तोच संपायचा. मग डब्यातला दुसरा काजू काढायचा. तो नाहीतरी डब्यात बसूनच होता!

हेच सेंट्सच्या प्रशिक्षकानं, शॉन पेटननं, केलं. त्याच्याकडे ड्रू ब्रीस नावाचा जगातल्या उत्तम फेकणाऱ्यांपैकी एक क्वार्टरबॅक होता. याच ब्रीसनं ७ फेब्रुवारी २०१० ला सेंट्सना त्यांचा पहिला विश्वविजय, म्हणजे सुपर बोल, मिळवून दिला होता. पण २०१८ मध्ये ब्रीस ३९ वर्षांचा झाला होता. फेक अचूक, पण पाय आता धावणारे नव्हते. आणि कडेला उभा होता टेसम हिल, पाठीवर आकडा ७.

हा हिल आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो गावचा. उंची ६ फूट २ इंच, वजन १०० किलोच्या आसपास, आणि तरी हरणासारखा पळणारा. युटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून खेळताना २०१३ मध्ये टेक्सासविरुद्ध तो एकाच सामन्यात २५९ यार्ड पळाला. क्वार्टरबॅक असून! पण नशीब पाहा. विद्यापीठात असताना चार वेगवेगळ्या हंगामांत त्याला मोठ्या दुखापती झाल्या. कधी गुडघा, कधी पाय, कधी पाऊल, कधी कोपर. २०१७ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. ग्रीन बेच्या संघानं सरावाला घेतलं आणि हंगामाच्या तोंडावर कमी केलं. दुसऱ्याच दिवशी सेंट्सनी त्याला उचललं. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, दुसऱ्याच्या टाकलेल्या यादीतून!

सेंट्सनी आधी त्याला चेंडू दिलाच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तो पहिल्यांदा मैदानात उतरला तो लाथाडलेल्या चेंडूमागे धावून समोरच्याला पाडण्यासाठी. क्वार्टरबॅकनं दुसऱ्याला पाडायचं! म्हणजे आपल्याकडे यष्टिरक्षकाला सीमारेषेवर धाडण्यासारखंच झालं. पण तो गेला. त्यानं दोघांना पाडलंही. पुढच्या वर्षी पेटन त्याला मधूनमधून क्वार्टरबॅकच्या जागी आणायला लागला. कधी कधी ब्रीस मैदानातच राहायचा, पण लांब कडेला, कमरेवर हात ठेवून, बस थांब्यावर उभ्या असलेल्या काकांसारखा. तरी त्याच्यावर लक्ष ठेवायला समोरच्यांना एक गडी द्यावाच लागे. कोण जाणे, काकांनी चेंडू झेललाच तर! इकडे हिल पळायचा, कधी चेंडू झेलायचा, कधी अडवायचा. ९ डिसेंबर २०१८ ला टॅम्पा बेविरुद्ध सेंट्स मागे पडले होते. हिलनं समोरच्यानं लाथाडलेला चेंडू अडवला, तिथून सामना फिरला आणि सेंट्स जिंकले. ग्लीसनच्या पुतळ्यात आहे ना, अगदी तीच करामत.

पण नुसतंच पळत राहिलं तर? सात नंबर आला की पळणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून मधूनच फेकायचं. ५ जानेवारी २०२० ला मिनेसोटाविरुद्ध सगळे त्याच्या पायांकडे बघत असताना त्यानं ५० यार्डांची लांबलचक फेक केली आणि ती झेलली गेली. तो सामना मात्र सेंट्स हरले.

हा डाव सगळ्यांना जमतो असं समजू नका हं. टिम टीबो नावाचा एक दांडगा क्वार्टरबॅक होता. २००६ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठात तो पहिल्या वर्षाला होता, पहिला क्वार्टरबॅक ख्रिस लीक. एक-दोन यार्ड हवे असले की लीक बाहेर, टीबो आत, आणि मुसंडी! त्या हंगामात ते राष्ट्रीय विजेते झाले. हाच टीबो २०१२ मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघात गेला, पुन्हा राखीव, पुन्हा तोच बेत. आणि अख्ख्या हंगामात मिळून तो ३२ वेळा पळाला, १०२ यार्ड. न्यू ऑर्लिन्सच्या हिलनं तेवढे एकाच दुपारी केलेत. मला विचाराल तर फरक इथे आहे. पेटननं हिलसाठी कामं शोधून काढली होती. आज हे कर, उद्या ते कर. जेट्सकडे टीबोसाठी कामच नव्हतं, नुसतं नाव होतं.

आता घरातली गोष्ट सांगते. ताईच्या फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद लावलेला होता. शाळेच्या प्रशिक्षकांनी पाठवलेला. पालकांची सही हवी होती. भाच्याला त्यांनी विचारलं होतं, पुढच्या हंगामात तू नुसता कडेला उभा राहणार, की हिलसारखं पळायला येशील? त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण ताईनं सही केली नव्हती.

“अगं, कडेला उभा राहतो तेच बरं आहे,” ती मला म्हणाली. “पहिला क्वार्टरबॅक मोडू नये म्हणून हे माझ्या पोराला पुढे करताहेत. त्यांचा काजू जपायचा, माझा फोडायचा!”

तिचं काही चुकत होतं का? या खेळात डोक्याला मार बसतो, पुन:पुन्हा बसतो, आणि त्याचे परिणाम म्हातारपणी दिसतात, हे आता डॉक्टरांनी दाखवून दिलंय. आणि हिलचंच बघा ना. आम्ही दोघींनी टेबलाशी बसून जुने सामने पाहिले. १७ नोव्हेंबर २०२४ ला, याच सुपरडोममध्ये, क्लीव्हलँडविरुद्ध तो फक्त सात वेळा पळाला, पण १३८ यार्ड! तीन टचडाउन, त्यातला शेवटचा ७५ यार्डांचा. त्या दिवशी समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक कोण होता सांगू? जेमिस विन्स्टन! ब्रीस निवृत्त झाल्यावर २०२१ मध्ये पहिल्या क्वार्टरबॅकच्या जागेसाठी हिल आणि विन्स्टन यांच्यात चुरस झाली होती आणि ती जागा विन्स्टनला मिळाली होती. ताई चमच्यानं टेबल वाजवत होती इतकी रंगली. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ डिसेंबरला, तिथेच, हिलच्या डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. त्याला गाडीवर घालून बाहेर न्यावं लागलं. ताईनं चमचा खाली ठेवला आणि काही न बोलता भांडी घासायला उठली.

तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती मलाही पटते. हिलला पहिला क्वार्टरबॅकच व्हायचं होतं. २०२० मध्ये ब्रीसच्या बरगड्या मोडल्या तेव्हा चार सामने त्याला ती जागा मिळाली. त्यातले तीन सेंट्सनी जिंकले. पण कायमची जागा काही मिळाली नाही. सगळी कामं करता येणाऱ्याला सगळे सगळी कामं सांगतात, मुख्य काम देत नाहीत. घरातल्या मोठ्या मुलीला विचारा हवं तर!

“तू शिक्षिका आहेस, तूच सांग त्याला,” ताई म्हणाली.

आणि मला सांगता येईना. का, ते तुम्हाला सांगते. आमच्या शाळेच्या खो-खो संघात एक मुलगी होती. पाचवी, सहावी, सातवी, तीन वर्षं राखीव. पळायला वाऱ्यासारखी, पण खो देताना गडबडायची, दिशा चुकायची. केंद्रस्तरीय स्पर्धेत मी तिला एकदाही उतरवलं नाही. प्रत्येक वेळी वाटे, पुढच्या सामन्यात बघू. तिसऱ्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीत हरलो. टेम्पोत बसताना सगळ्यांच्या बाटल्या माझ्याकडे देत ती म्हणाली, “बाई, आता मी हायस्कूलला जाणार ना.” एवढंच. रागानं नाही, सहज. मी तिला निदान बचावाच्या फळीत उतरवू शकले असते! तिथे खो द्यावाच लागत नाही, नुसतं पळायचं असतं. हे मला सुचलं ते न्यू ऑर्लिन्सला राजम्याचे दाणे मोजताना.

हे मी ताईला सांगितलं. भाच्यालाही सांगितलं. सही कर असं म्हटलं नाही, करू नको असंही नाही. भाच्याला मात्र एक विचारलं, “पळायला घेतील, पण क्वार्टरबॅकचा सराव देतील का? फेकायला मिळेल का? ते विचार आधी.” तो दुसऱ्या दिवशी विचारून आला. प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, आठवड्यातले दोन दिवस फेकीचा सराव, आणि डोक्याला जरा जरी मार लागला तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान बंद. ताईनं ऐकून घेतलं. मी तिथे असतानाच, १० मेला, सेंट्सचा तेव्हाचा पहिला क्वार्टरबॅक डेरेक कार यानं खांद्याच्या दुखापतीमुळे निवृत्ती जाहीर केली. “बघ, पहिलाही मोडतोच!” भाचेबुवा म्हणाले. ताईनं त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

मी निघाले त्या दिवशी कागद फ्रिजवर तसाच होता.

ऑक्टोबरमध्ये हिल, पस्तिशी गाठलेला, गुडघा दुरुस्त करून पुन्हा सुपरडोममध्ये उतरला. ती बातमी भाच्यानं मला फोनवर धाडली. पण त्याच्याही आधी, सप्टेंबरच्या एका शनिवारी सकाळी, ताईकडून एक चित्रफीत आली. शाळेचं मैदान, शुक्रवारची रात्र, दिव्यांचा झगमगाट, बँडचा आवाज. पहिला क्वार्टरबॅक बाहेर येतो, आमचे भाचेबुवा आत जातात. चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा. तो वाकून उभा राहतो, चेंडू त्याच्या हातात येतो... आणि चित्र एकदम खाली! नुसतं गवत, आणि ताईच्या चपलेचं टोक. मागे लोकांचा आरडाओरडा, ताईचा “अगं बाई!”, आणि बराच वेळ ते गवतच.

तो म्हणतो, तीन यार्ड पळाला. ताई म्हणते, तिनं डोळे मिटले होते.